अल्फाची शेपटी

मी एक जुनी पाटी आहे. मेसोव्रिसी गावातल्या स्टेर्गिओसच्या कॉफीच्या दुकानात, हात धुण्याच्या कुंडीच्या वर मी एका खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या अंगावर काळ्या रंगात लिहिले आहे, 'राजकारणाविषयीच्या चर्चांना मनाई आहे'. लोक हात धुताना मला वाचतात, हसतात आणि ओले हात झटकतात. शिंतोडे माझ्यावर उडतात. मित्रांनो, अपमानाची मला सवय आहे. जिचे कुणी ऐकत नाही अशा पाटीला ती करून घ्यावीच लागते.

जन्माने मी पाटी नव्हे. स्टेर्गिओसच्या आईची पीठ मळायची मोठी काथवट होती, तिचे मी झाकण होते. चांगल्या अक्रोडाच्या लाकडाचे. माझ्याखाली कणीक फुगायची, तिची ऊब लागायची, आंबूस वास यायचा. त्या घरात मला कुणी वाचत नव्हते आणि मीही कुणाला कसली मनाई करत नव्हते. ते माझे सुखाचे दिवस. पुढे गावात बेकरी निघाली, काथवट फुटली ती चुलीत गेली, आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यावर पडून राहिले.

मग एका वर्षी निवडणूक आली. आमच्या गावात निवडणूक म्हणजे घराघरात आग. दुकानात सकाळी कॉफी मिळे, दुपार कलली की त्सिपुरो दारू मिळे, आणि मते दिवसभर फुकट मिळत. त्या दिवशी मते जरा जास्तच झाली. कुणीतरी कुणाच्या तरी पुढाऱ्याला चोर म्हटले, आणि समोरच्याने फाशांचा पट सोंगट्यांसकट उचलून फेकला. तो थेट कपाटातल्या काचेच्या पेल्यांवर जाऊन आदळला. स्टेर्गिओसची बायको वाया आतून हातात तवा घेऊनच बाहेर आली.

"उद्यापासून या दुकानात एक तर राजकारण राहील, नाहीतर माझी भांडी राहतील. दोन्ही नाही राहणार! ऐकलंत का?"

"ऐकलं गं बाई," स्टेर्गिओस म्हणाला. "पलीकडच्या गावानंही ऐकलं."

अशा रीतीने माझा दुसरा जन्म झाला. तो दोन माणसांच्या हातून झाला आणि माझी सगळी कहाणी त्या दोघांचीच आहे. एक झिसिस सुतार. दारे, गाड्या, देवळातली बाके, सगळे तोच करी आणि रंगवीही तोच. दुसरा अर्गिरिस, ग्रामकचेरीतला कारकून, कोटाच्या खिशात कायम पेन. झिसिसच्या मुलीचा, एव्हान्थियाचा, बाप्तिस्मा अर्गिरिसच्या हातून झाला होता. तो तिचा धर्मपिता. त्यामुळे ते दोघे एकमेकांना 'कुंबारे' म्हणत. आमच्याकडे हे नाते रक्ताच्या नात्याहून हलके मानत नाहीत. तरी बघा, अर्गिरिसच्या बैठकीत राजाची तसबीर होती, आणि झिसिसचा धाकटा भाऊ यादवीच्या दिवसांत कम्युनिस्ट बंडखोरांबरोबर डोंगरात गेला तो परत आलाच नव्हता. राजा आणि डोंगर हे दोघे रोज एका टेबलाशी भांडत आणि रोज एकमेकांची कॉफी पीत.

माझ्यावर काय लिहायचे ते अर्गिरिसने ठरवायचे आणि लिहायचे झिसिसने, असे ठरले. पहिल्याच शब्दाला घोडे पेंड खाऊ लागले. त्याचे असे झाले की आमच्या देशात तेव्हा दोन भाषा होत्या. एक कचेरीची, शाळेची, कायद्याची. ती कुणाच्या आईची नव्हती. दुसरी सगळ्यांच्या तोंडची. 'चर्चा' या शब्दाच्या आधी एक चिमुकला शब्द येतो. कचेरीच्या भाषेत तो 'ए', लोकांच्या भाषेत 'ई'. लिहिताना फरक एवढासाच. 'ए' लिहायचा तर अल्फा हे अक्षर काढायचे, म्हणजे एक गोल आणि त्याला शेपटी. 'ई' लिहायचा तर ओमिक्रॉन, म्हणजे नुसता गोल. पण कोण कुठला गोल काढतो यावरून आमच्याकडे तो माणूस कुणाच्या बाजूचा ते ओळखत: अल्फावाला राजाचा, ओमिक्रॉनवाला डोंगराचा.

"अल्फा काढ," अर्गिरिस म्हणाला.

"कशाला? माझी बायको 'ई' म्हणते, तुझी बायको 'ई' म्हणते. पाद्रीबुवासुद्धा देवळाबाहेर पडले की 'ई'च म्हणतात."

"पाटी बोलायची नसते, कुंबारे, वाचायची असते. शुद्ध पाहिजे."

"मनाई करायची तीही शुद्ध?"

"मनाई तर आधी शुद्ध पाहिजे!"

"अरे बाबांनो," स्टेर्गिओस कळवळून म्हणाला, "राजकारण बंद करायला मी पाटी करतोय, आणि तुम्ही पाटीवरच राजकारण करताय!"

झिसिसने डोळा मिचकावला. कुंचला बुडवला, गोल काढला, आणि उजव्या अंगाला इतकीशी शेपटी ओढली, इतकीशी की ती शेपटी आहे की रंग ओघळला आहे हे सांगता येऊ नये. "घे," तो म्हणाला. "तुला हवी तर आहे, मला नको तर नाही." अर्गिरिस चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिला आणि मग दोघे एकदम हसले.

मला कॉफीच्या शेगडीच्या वर, बरोबर समोर टांगले. वादाचा आवाज चढला की स्टेर्गिओस लांब दांड्याचे भांडे वर करून म्हणे, "वर बघा!" सगळे वर बघत, मला वाचत, मान डोलवत, आणि पुढच्या वाक्यापासून पुन्हा सुरू होत. माझा उपयोग तेवढाच.

आणि मते तरी किती असावीत एका गावाला! सरकारबद्दल मत, शेजारच्या देशाबद्दल मत, तंबाखूच्या भावाबद्दल मत. सरपंचाने चौकात तीन तोट्यांचे कारंजे बांधले, त्यातली एकच चाले, त्यावर तर वर्षानुवर्षे मते. पाद्रीबुवांच्या शेजारचा कोंबडा दुपारी आरवे, त्यामागेही कुणाला तरी राजकारण दिसे. कलिंगडवाला कर्णा लावून नेमका वामकुक्षीच्या वेळी येई. कुणी वर्तमानपत्र वाचून पाने उलटसुलट लावून परत देई. आणि बस! ती कधीच वेळेवर येत नसे. रशियाचा माणूस आकाशात फिरून आला त्या दिवशी झिसिस छाती फुगवून दुकानात शिरला. अर्गिरिसने पेपरातून डोके न काढताच विचारले, "वरून त्याला आपली बस दिसली का, तेवढं विचार." दुकान खोखो हसले. झिसिसही हसला.

माझे विचाराल तर मलाही मते होती. बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस मला सहन होत नाही. जो दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच 'चूक!' म्हणतो, त्याला मी कॉफी दिली नसती. पण माझे कोण ऐकतो. माझ्या अंगावर एकच वाक्य, आणि तेही माझे नव्हे.

त्या दोघांचा एक रोजचा खेळ झाला होता. कॉफी आली की अर्गिरिस माझ्याकडे बोट करून म्हणे, "अल्फा आहे ती. तिला ओमिक्रॉन म्हणणारं गाढव अख्ख्या गावात एकच आहे." यावर झिसिसचे उत्तर ठरलेले असे, "आणि त्याच गाढवानं लिहिलेलं वाचून तू शहाणा झालास." मग लोक हसत. लोकांना हे इतके पाठ झाले होते की अर्गिरिसने तोंड उघडले की ओठ आधीच हसायला लागत. नवे काही नव्हते त्यात. घरात रोज तीच भाजी असते आणि रोज ती हवीच असते, तसे ते होते.

मग एका वसंतात रेडिओवर सकाळपासून लष्करी बँड वाजू लागला. दुपारपर्यंत कळले की राजधानीत रणगाडे रस्त्यावर आले आहेत. निवडणुका गेल्या, पुढारी तुरुंगात गेले. आमच्या चौकीवरही नवा फौजदार आला. तो दुकानात आला, कुणाकडेही न बघता थेट माझ्यासमोर उभा राहिला आणि मला मोठ्याने वाचले.

"वा! अशी पाटी प्रत्येक गावात पाहिजे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे कौतुक करणारा तो पहिला माणूस. मला वाटले होते, कुणी कौतुक केले तर आनंद होईल. पण खाली बसलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आणि मला पुन्हा झाकण व्हावेसे वाटले.

त्या दिवसापासून लोक माझे ऐकू लागले. आवाज यायचा तो फक्त फाशांचा आणि चमच्यांचा. 'आज थंडी आहे' एवढे म्हणतानासुद्धा माणूस आधी दाराकडे बघे. स्टेर्गिओसला भांडे वर करायची गरज उरली नाही. अर्गिरिस आणि झिसिस एकाच टेबलाशी बसत, पण खेळ बंद झाला होता. कॉफी येई, संपे, आणि दोघे उठत.

काही आठवडे गेले. एके सकाळी फौजदार पुन्हा आला. या वेळी तो माझ्या अगदी जवळ आला. त्याची नजर त्या चिमुकल्या शब्दावर थांबली.

"हे अक्षर काय आहे?"

"अल्फा आहे साहेब," स्टेर्गिओस घाईने म्हणाला. "रंग उडालाय जरा. धूर लागतो ना."

"शेपटी दिसत नाही मला. लोकांच्या भाषेत लिहिणारे कोण असतात ते मला माहीत आहे." तो वळला. "तुम्ही कचेरीतले ना? शिकलेले आहात. सांगा, काय आहे हे?"

अर्गिरिस उठून उभा राहिला. तो घाबरला होता. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून नवे शब्द येत नाहीत, रोजचेच येतात. देवाचे नाव येते, आईचे नाव येते. अर्गिरिसच्या तोंडून आले ते हे:

"अल्फा आहे, साहेब. तिला ओमिक्रॉन म्हणणारं गाढव अख्ख्या गावात एकच आहे."

आणि त्याची नजर, रोज जायची तशी, शेजारच्या खुर्चीकडे गेली.

कुणी हसले नाही. झिसिसचे ठरलेले उत्तर आले नाही. अर्गिरिसचे तोंड उघडेच राहिले, जणू निसटलेले वाक्य पकडून परत आत घ्यायचे होते. फौजदाराने त्याच्या नजरेमागे नजर नेली आणि झिसिसकडे बघून विचारले, "नाव काय? तुझाच का भाऊ डोंगरात होता?"

दुसऱ्या दिवशी झिसिसला त्याच्या कारखान्यातून नेले. अंगावर भुसा तसाच होता म्हणतात. त्याला एका उजाड बेटावर पाठवले. त्याच दिवशी फौजदाराने अर्गिरिसच्या हातात कुंचला दिला आणि माझ्या अक्षराला नीट शेपटी काढायला लावली. कारकुनाचा हात, सरळ रेघ मारणारा. पण ती शेपटी लांब आणि वाकडी झाली, जवळच्या अक्षरापर्यंत गेली. ती रेघ ओढताना तो काय पुटपुटत होता ते मला ऐकू आले नाही.

आमच्याकडे ईस्टरला धर्मपिता मुलीला नवे बूट आणि सजवलेली मेणबत्ती देतो. झिसिसला नेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला अर्गिरिसने दोन्ही पाठवले. झिसिसच्या बायकोने ते पिशवीसकट त्याच्या उंबऱ्यावर परत ठेवले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा पाठवले. तेही परत आले.

झिसिस सुटून आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि खोकला लागला होता. दुकानात तो आला, पण जुन्या टेबलाशी गेला नाही. दारापाशी, माझ्याकडे पाठ करून बसला. अर्गिरिस कोपऱ्यातून बघत होता. थोड्या वेळाने त्याने स्टेर्गिओसकडे बघून भुवई उडवली.

आमच्यात एक रीत आहे. कुणाला कॉफी पाजायची तर बोलावे लागत नाही. पाठवणारा भुवई उडवतो, दुकानदार पेला नेऊन ठेवतो आणि कुणाकडून ते सांगतो. ज्याला मिळाली तो सोबत आलेला पाण्याचा पेला उंचावून दाखवतो आणि घोट घेतो. घोट घेतला की मनातले पुसले गेले असे समजतात. पाठवलेली कॉफी न पिणे म्हणजे तोंडावर दार लावून घेणे.

"अर्गिरिसकडून," स्टेर्गिओसने पेला ठेवत हळूच सांगितले.

झिसिसने पेल्याकडे पाहिले नाही. त्यावरचा फेस बसला, कॉफी गार झाली. तो उठून गेला तेव्हा स्टेर्गिओसने ती माझ्यादेखत मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही. मग तो रोजचा नेम झाला, जसा पूर्वी दुसरा नेम होता.

तुम्ही विचाराल, अर्गिरिसने जाऊन सांगितले का नाही? 'सवयीने निघून गेलं रे, कुंबारे, तुझ्या गळ्याची शपथ.' एवढेच तर म्हणायचे होते! मलाही हेच विचारायचे आहे. त्याला वाटे, झिसिसने एकदा विचारावे, मग मी सांगेन. झिसिसला वाटे, याने आपणहून सांगावे, मी का विचारू? दोघे मला माझ्याहून जास्त लाकडाचे वाटत.

"दोघं काय शवपेटीत गेल्यावर बोलणार आहात?" वाया एकदा भर दुकानात ओरडली. "मेलेल्यांनाही लाज वाटेल असा तुमचा अबोला!"

दोघांनी माझ्याकडे पाहिले, जणू मीच त्यांना मनाई करून बसले होते. तेव्हा मला माझ्या अंगावरच्या प्रत्येक अक्षराचा राग आला.

लष्कराचे राज्य गेले. त्या दिवशी लोकांनी रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भांडायला लागले. साठलेली मते धरण फुटल्यासारखी बाहेर पडली. लोकांनी मत देऊन राजालाही कायमचे घालवले. माझ्या जागी दूरचित्रवाणी संच आला आणि मला इथे कुंडीवर आणून टांगले. मला वाईट वाटले नाही. पुन्हा कुणी माझे ऐकत नव्हते, याहून चांगली बातमी माझ्यासाठी नव्हती. पण दाराजवळचे टेबल आणि कोपऱ्यातले टेबल, ही दोन तशीच गप्प राहिली.

पुढे सरकारने कायदा केला की आता लोकांचीच भाषा शाळेची आणि कचेरीची भाषा. म्हणजे ओमिक्रॉन जिंकला. गावात खूप थट्टा झाली. त्या सकाळी अर्गिरिस दुकानात आला तो टर्पेंटाईनची बाटली आणि फडके घेऊन. तो आता सेवानिवृत्त झाला होता, गुडघे धरले होते. खुर्ची ओढून तो माझ्यासमोर चढला आणि ती लांब वाकडी शेपटी घासायला लागला. झोंबले मला, पण मी मनात म्हटले, घास बाबा, घास. रंग निघाला, थोडा काळा डाग राहिला. मग खाली न उतरता, माझ्याकडे तोंड करूनच तो म्हणाला, "घ्या. झाला ओमिक्रॉन."

सगळे दुकान झिसिसकडे बघू लागले. वाया दारात हात पुसत थांबली. झिसिसने टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि बाहेर निघून गेला. अर्गिरिस बराच वेळ खुर्चीवरच उभा होता. शेवटी स्टेर्गिओसने त्याला दंडाला धरून खाली उतरवले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अर्गिरिसला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळी नाही. एक शब्द उरला. 'नाही.' डॉक्टर म्हणाले, काही लोकांचे असे होते, एखादा शब्द तेवढा राहतो, त्याला अर्थ असेलच असे नाही. भूक लागली का, नाही. थंडी वाजते का, नाही. त्याची बायको रडून रडून थकली.

एके दिवशी एव्हान्थिया, झिसिसची मुलगी, आता मोठी झालेली, आपल्या धर्मपित्याला हाताला धरून दुकानात घेऊन आली. बापाच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि अर्गिरिसला तीवर बसवले.

"दुसरीकडे जागा नाही का?" झिसिस म्हणाला. दुकान अर्धे रिकामे होते.

"नाही," एव्हान्थिया म्हणाली. "दोन तासांनी न्यायला येते."

तो सगळा वेळ झिसिस खिडकीबाहेर बघत बसला. दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा आणून बसवले. तिसऱ्या दिवशी झिसिस खोकला, घसा साफ केला आणि रस्त्याकडे बघतच म्हणाला, "बस आजही आली नाही."

"नाही," अर्गिरिस म्हणाला.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसले. झिसिसच्या मिशा हलल्या. "सरपंचानं कारंज्याच्या तोट्या बदलल्या म्हणे. चालतील का?"

"नाही."

"हे सरकार काही करेल का?"

"नाही."

आता सगळे दुकान हसत होते. कितीतरी वर्षांनी त्या टेबलाभोवती लोक खुर्च्या ओढून जमले. झिसिसला चेव आला. तो पुढे झुकला. "मग काय, राजाला परत आणायचा का, कुंबारे?"

कुंबारे! तो शब्द ऐकताच वायाने एप्रनचे टोक तोंडावर नेले.

"नाही," अर्गिरिस म्हणाला.

"अरे, हा तर आमच्यात आला!" कुणीतरी ओरडले. टाळ्या पडल्या. पण झिसिस हसायचा थांबला होता. तो अर्गिरिसच्या डोळ्यांत बघत होता. राजाला नाही म्हणणारा अर्गिरिस त्याच्या ओळखीचा नव्हता. त्या 'नाही'मध्ये मत नव्हते, नुसता आवाज होता, हे त्याला तेव्हा कळले. त्याने हात वर करून लोकांना गप्प केले. मग हळू आवाजात, पण मला इथपर्यंत ऐकू आले, तो म्हणाला, "त्या दिवशी फौजदारासमोर... मुद्दाम बोललास का तू?"

"नाही."

झिसिसने श्वास सोडला. मग त्याच्या चेहऱ्यावर शंका आली. त्याने विचारायला नको होते, पण माणूसच तो. "म्हणजे चुकून गेलं ना तोंडातून?"

"नाही."

अर्गिरिस डोके हलवत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. डावा हात टेबलावर आपटून तो परत परत म्हणत होता, नाही, नाही, नाही. त्याच्या आत उत्तर होते. इतकी वर्षे ते तिथे होते, आणि बाहेर यायला आता एकच दार उरले होते, तेही चुकीचे.

"बास," झिसिस म्हणाला. त्याने तो आपटणारा हात धरून टेबलावर दाबून ठेवला. "बास, कुंबारे. पहिलं उत्तर धरलं मी."

अर्गिरिस शांत झाला. मग त्याने स्टेर्गिओसकडे बघितले आणि एकच भुवई, जी हलत होती ती, उडवली. स्टेर्गिओसने इतक्या घाईने कॉफी आणली की निम्मी बशीत सांडली. "अर्गिरिसकडून," तो कसेबसे म्हणाला. झिसिसने पाण्याचा पेला उंचावला आणि कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, तळाच्या गाळासकट.

अर्गिरिस ईस्टरआधीचे लेंटचे उपवास संपायच्या आत गेला. झिसिस त्यानंतरही वर्षभर येत होता. कधीकधी हात धुताना माझ्यासमोर थांबे. एकदा त्याने स्टेर्गिओसला विचारले, "तुला काय वाटतं रे? पहिलं खरं की दुसरं?" स्टेर्गिओस म्हणाला, "तूच तर पहिलं धरलंस." "धरलं," झिसिस म्हणाला. "पण त्याला बोलता आलं असतं ना, तर नक्की कळलं असतं." आणि हात न पुसताच निघून गेला.

मित्रांनो, मला पुसून नीट ठेवा, मला वाळवी लागू देऊ नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आयुष्य झाले. तुम्ही भांडा, मते द्या, सरकारला नावे ठेवा, बसच्या नावाने बोटे मोडा, माझ्याकडे ढुंकूनही बघू नका. पण तुमच्या मनात कुणाविषयी एखादा प्रश्न अडकून पडला असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याकडे जा. त्याच्यापाशी अजून 'हो' शिल्लक आहे तोवर त्याला विचारून घ्या.